सगुणाबाईंचा वन्समोर

त्या फिल्मला मी तीनदा रडले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझी जी फजिती झाली ती लपवून हा प्रवास सांगताच येणार नाही.

अठ्ठ्याऐंशी साली दिवाळीच्या तोंडावर पुण्यात मानवी हक्कांवरच्या माहितीपटांचा एक आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला होता. मी शाळेत इंग्रजी शिकवते. त्यामुळे "बाई, तेवढं मराठी करून द्या," म्हणून इंग्रजी निवेदनांचा गठ्ठा माझ्याकडे आला. देशोदेशीच्या फिल्म होत्या. खाणीत राबणारी माणसं, तुरुंगातले कैदी, सीमेवर तंबूत राहणारी कुटुंबं. आणि त्यांत एक फिल्म चक्क आपल्या भंडारा जिल्ह्यातली. पीटर नावाच्या युरोपियन दिग्दर्शकाने साकोलीच्या बाजूला, धरणात जाणाऱ्या एका गावात ती चार वर्षांपूर्वी काढली होती.

तिच्यात एक प्रसंग आहे. गुडघाभर चिखलात वाकून बायका धानाची रोपं लावताहेत आणि गाताहेत. वरून संथ, खोल आवाजात इंग्रजी निवेदन येतं, 'आपल्या बुडणाऱ्या गावासाठी या स्त्रिया शोकगीत गात आहेत.' मग एका बाईचा चेहरा जवळून दिसतो. ती पदराने डोळे पुसते. इथे मी निवड समितीबरोबर पाहताना रडले, तालमीच्या खेळाला रडले आणि प्रत्यक्ष महोत्सवात सगळ्या सभागृहाबरोबर रडले.

नंतरच्या चर्चेत कॉलेजातली एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, "या बायकांनी ही फिल्म पाहिली आहे का?" व्यासपीठावरची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. पाहिली नव्हती. प्रिंट पुढच्या देशात रवाना व्हायला अजून दोन महिने होते, तेव्हा ती तोवर गावात दाखवून आणावी असं ठरलं. कोणी जायचं हा विषय निघाला तसे सगळे घड्याळ बघायला लागले. दिवाळीची लांबलचक सुट्टी फक्त मला होती.

त्या गावच्या शाळेतल्या लांजेवार गुरुजींना पत्र टाकलं. उलट टपाली कार्ड आलं. 'अवश्य यावे. मात्र मंडईचे दिवशीच यावे, एरवी धानकापणीमुळे माणूस मिळणार नाही. पडदा आमचेकडे आहे.'

भंडारा

नागपूरपर्यंतचा रेल्वेप्रवास सगळ्यांचा सारखाच असतो, तो सोडून देते. माझ्याबरोबर प्रोजेक्टर चालवणारे दिनकरराव होते. वीस वर्षं अंधाऱ्या खोलीत काढलेला हा माणूस दिवसाकाठी दहा वाक्यं बोलतो, आणि त्यांतली चार 'बल्ब सांभाळा' अशी असतात. सोळा मिलिमीटरचं ते मशीन आमच्या दोघांच्या सामानापेक्षा जड होतं.

भंडाऱ्याला बस बदलायची होती. मधल्या दोन तासांत मी पितळेच्या भांड्यांच्या दुकानांवरून एक फेरी मारली. ठोक्यांचा आवाज गल्लीभर. एका दुकानात नुसती घागर हातात घेतली तर मालकाने बसायला पाट दिला, पाणी दिलं, मी कोण, कुठली, मुलं किती, सगळं विचारलं आणि घागरीचा विषय शेवटपर्यंत काढलाच नाही. शेवटी मीच ओशाळून एक लोटा घेतला. आमच्याकडे दुकानात शिरलेल्या माणसाने लवकर निघून जावं अशी दुकानदाराची इच्छा असते. इथे तो निघाला की त्यांना वाईट वाटतं.

पोह्यांवर तिखटजाळ हरभऱ्याचा रस्सा घालतात हे ऐकून होते. दिनकररावांनी पहिला घास घेतला आणि त्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलले. "पाणी."

साकोलीच्या बसमध्ये फिल्मचे डबे टपावर टाकायला दिनकररावांनी साफ नकार दिला. तेव्हा ते सहप्रवाशांच्या मांडीवर वाटून दिले गेले. कंडक्टरने विचारलं, "यात का हाय जी?"

"सिनेमा आहे," मी म्हटलं. "तुमच्याच जिल्ह्यातला."

झालं. पुढच्या स्टॉपपर्यंत ही बातमी ड्रायव्हरपासून शेवटच्या सीटपर्यंत पोचली. मांडीवर डबा घेतलेल्या एका आजीबाईंनी तो कानाशी नेऊन हलवून पाहिला. "हिरो कोन हाय वो यात?" त्यांनी विचारलं. हिरो नाही, शेतात काम करणाऱ्या साध्या बायका आहेत, असं मी सांगितलं. आजीबाईंनी डब्याकडे जरा संशयानेच पाहिलं. मागून कोणी तरी म्हणालं, "अन वैनगंगेवर आता गोसीले येवढं मोठं धरण होऊन राहिलं, त्याचा बी काढा म्हना सिनेमा." त्यावर बसमध्ये जी चर्चा सुरू झाली ती साकोली येईपर्यंत चालली, आणि पुण्यातल्या आमच्या परिसंवादापेक्षा ती बरी होती, एवढंच म्हणते.

साकोलीहून पुढे

गुरुजी बैलबंडी घेऊन आले होते. पन्नाशीचे, किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी आणि सतत काही तरी जमवून आणण्याच्या घाईत असलेले. बंडीत तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड थर होता, त्यावर प्रोजेक्टर निजवला आणि आम्ही कडेकडेने बसलो.

रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना पिकलेला धान. इकडे शेताच्या बांध घातलेल्या तुकड्याला बांधी म्हणतात. एकामागून एक पिवळ्या बांध्या, मध्येच तलावाची उंच पाळ, पाळीवर मोहाची झाडं आणि लांबवर नागझिऱ्याच्या जंगलाची काळसर रेघ. पाण्यात कमळं होती आणि त्यांच्यामधून बगळे चालत होते. हवेला कापलेल्या धानाचा गोडसर वास. मला राहून राहून वाटत होतं की हे सगळं मी उगाचच इतकी वर्षं नकाशात पाहिलं.

मंडई म्हणजे काय ते गुरुजींनी वाटेत समजावलं. भाऊबीज झाली की या भागात प्रत्येक गाव आपापला एक दिवस ठरवतं. त्या दिवशी जत्रेसारखा बाजार, दुपारी दंडार नावाचा लोकनाट्याचा खेळ, रात्री पडदे लावून नाटक. घरोघर पाहुणे. "अन म्याडम, सोयरिकी बी मंडईतच जमतात. पोराकडचे लोक नाटक पाहाले येतात अन पोरगी पाहून जातात."

गावाचं नाव मी इथे बेलटोला असं लिहिणार आहे. खरं नाव का नाही, ते पुढे कळेल.

बेलटोला

जुना बेलटोला पाण्याखाली गेला. हा नवा. सरळ रेषेत आखलेले प्लॉट, प्रत्येक घरावर नंबर, मध्ये हातपंप. गावाला तलाव नाही, त्यामुळे या भागात ते ओकंबोकं वाटतं. पण अंगणं सारवलेली, दारात रांगोळ्या आणि सकाळपासूनच जिलेबीवाल्याने कढई टाकलेली.

आमची उतरायची सोय सगुणाबाईंकडे होती. त्यांना पाहिलं आणि मी जागीच थांबले. फिल्ममधला तो चेहरा! पदराने डोळे पुसणारी ती हीच बाई. फक्त ही मोठ्याने हसत होती.

"या जी म्याडम, या! उंबरठा पाहून या बरं, उंच हाय."

त्या सांगेपर्यंत माझ्या पायाला ठेच लागली होती. एवढ्याशा विटांच्या घराला भलीमोठी सागवानी चौकट बसवलेली, वर कोरीव वेलबुट्टी, आणि उंबरठा वीतभर. भिंत तिला पुरत नव्हती, म्हणून दोन्ही बाजूंना माती लिंपून ती कशीबशी धरून ठेवली होती.

"जुन्या घरची हाय," सगुणाबाई माझ्या अंगठ्यावर हळद दाबत म्हणाल्या. "सासऱ्यानं बसवली होती. घर तं नेता नाही आलं, दार आनलं."

जेवायला चिन्नोरचा भात होता. वाफेबरोबर त्याचा सुगंध अंगणापर्यंत येत होता. तुरीचं वरण, लाखोळीच्या वाळवलेल्या पाल्याची भाजी आणि तळलेले तांदळाचे पापड. मी पोळी शोधतेय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "पोळी सनालेच करतो जी आमी. भात काहून घेऊन नाही राहिल्या?" असं म्हणत त्यांनी वाढलेल्या भाताचा डोंगर मी कसा संपवला ते माझं मला माहीत. दिनकररावांनी मात्र तीनदा मागून घेतला. मशीनशिवाय दुसऱ्या कशावर त्यांचं प्रेम बसलेलं मी प्रथमच पाहिलं.

वाढता वाढता सगुणाबाईंनी आपला मुद्दा काढला. त्यांची मुलगी वनिता लग्नाची होती. लाखांदूरकडचे कापगते आज मुलाला घेऊन मंडईला येणार होते.

"दोन ठिकानचे लोक पाहून गेले, म्याडम. पोरगी पसंत. मंग कोनी तरी सांगते का हे धरनातले, प्लाटवाले. परत नाही आले. लोकाले वाटते आमी पयलेपासूनच असे उघड्यावर होतो. आमच्या बांध्या कोनी पाह्यल्या हायत? आमचं घर कोनी पाह्यलं हाय?" त्यांनी पदर खोचला. "तुमच्या सिनेमात बांधी हाय ना जी?"

"आहे," मी म्हटलं.

"अन मी हावो ना?"

"आहात. चांगल्या बराच वेळ."

"मंग झालं! इवाई पाहातीन का ही बाई कोन होती." इवाई म्हणजे व्याही. अजून काही ठरलं नव्हतं, पण त्यांनी नातं लावून टाकलं होतं.

सिनेमात तुम्ही रडताना दिसता, हे मी सांगितलं नाही. मला वाटलं, ते त्यांना ठाऊकच असणार. ज्याचं त्याला आपण कधी रडलो हे ठाऊक असतंच ना!

पडदा

नाटक रात्री होतं, म्हणून आम्हाला दिवेलागणीपासूनची वेळ मिळाली होती. वीज नाटकवाल्यांच्या जनरेटरवरून. सगळं ठीक होतं, आणि मग गुरुजींनी 'आमचेकडे असलेला' पडदा उलगडला. त्यावर राजवाडा रंगवलेला होता. सोनेरी खांब, कारंजं आणि दोन मोर.

 दिनकररावांनी फक्त डोळे मिटले. गुरुजी म्हणाले, "उलटा लावू जी. मांगून कोरा हाय." चार माणसं चुना कालवून आली, मागची बाजू पांढरी केली, आणि तरीही त्यातून राजवाड्याचे खांब फिकट फिकट दिसत राहिले. आमच्या महोत्सवात पडद्यावर एक सुरकुती होती म्हणून संयोजक तासभर भांडले होते.

माणसं किती जमली सांगता येणार नाही. पुढे मुलं, मग बायका, कडेने पुरुष, आणि पाहुण्यांसाठी मध्ये सतरंजी. तिच्यावर कापगते बसले होते. भरघोस मिशांचे, ताठ, कडक धुतलेलं धोतर आणि चेहऱ्यावर परीक्षा घ्यायला आल्याचा भाव. शेजारी मुलगा खाली मान घालून. सगुणाबाई नव्या लुगड्यात बायकांच्या पहिल्या रांगेत.

मी माइकसमोर माझं मराठी निवेदन घेऊन बसले. दिनकररावांनी इंग्रजी आवाज बारीक ठेवला होता, त्यावर मी वाचणार. बत्ती गेली, मशीन घुरघुरलं, आणि चुन्याच्या पडद्यावर, सोनेरी खांबांच्या मधोमध, जुना बेलटोला उगवला.

जो कल्लोळ झाला तो विचारू नका. "अरे, पार पाहा, पार!" "थो पाहा माहा बईल!" "आबाजी दिसले वो!" माझं एक वाक्य कोणाला ऐकू गेलं असेल तर शपथ. मी आपली इमानाने वाचत होते. मग तो प्रसंग आला. चिखल, वाकलेल्या बायका, गाणं. गाणं सुरू झालं तशी बायकांची रांग खुदखुदायला लागली. मी आवाज चढवून वाचलं, "आपल्या बुडणाऱ्या गावासाठी या स्त्रिया शोकगीत गात आहेत."

 मग कुठून तरी एक हसू फुटलं, आणि त्यामागून सगळं पटांगण हसायला लागलं. माणसं मांड्यांवर थापा मारत होती. मी वेड्यासारखी कागदाकडे पाहत राहिले. पडद्यावर सगुणाबाईंचा चेहरा आला, त्यांनी डोळे पुसले, आणि माझ्या तोंडून छापील वाक्य निघून गेलं, "या अश्रूंना आता कोणीही वाली नाही."

"थांबवा जी मशीन!"

सगुणाबाई उठून उभ्या होत्या. दिनकररावांनी मशीन थांबवलं. पेट्रोमॅक्स पुढे आली. हसणं विरलं, कारण त्या हसत नव्हत्या.

"हे का वाचून राहिल्या तुमी?" त्या मला म्हणाल्या. "मी कुठं रडली? मी हासून राहिली होती. हासून हासून डोयात पानी आलं, थे पुसलं. अन शोकगीत कायचं? थे इवायाचं गानं हाय!"

मागून दोन बायकांनी तिथल्या तिथे ते म्हणूनच दाखवलं:

इवाई आला रोवन्याले, पाय फसला गाऱ्यात,
धोतर राह्यलं चिखलात, इवाई पळाला वाऱ्यात!

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असताना बायका एकमेकींच्या व्याह्यांची अशी टर उडवतात. दिवसभर वाकून कंबर मोडते, ती या गाण्यांवर चालते. आणि आता सगळ्या पटांगणाची नजर सतरंजीवर बसलेल्या, कडक धोतरातल्या कापगत्यांकडे वळली होती. त्यांच्या मिशीवरून काही कळत नव्हतं.

"मी फक्त भाषांतर केलंय हो," मी पुटपुटले. "निवेदन त्या पीटरचं आहे."

"थ्या गोऱ्याले कसं समजन? त्याचा दुभाषा पावसात भिजून तापानं पडला होता. तो बिचारा एकटाच आला, इशाऱ्यानं बोले." सगुणाबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "पन तुमाले तं मराठी येते ना, बाई? गानं तुमी आयकलं नाही का?"

  गाणं फिल्ममध्ये होतं, निवेदनाखाली स्वच्छ ऐकू येत होतं, आणि माझ्याच भाषेत होतं. तीनदा मी ते कानांवरून जाऊ दिलं आणि इंग्रजी ऐकून रडले. मला फार लाज वाटली. उंटावरून शेळ्या हाकणारा पीटर एकटा नव्हता, मागच्या बाजूला मीही बसले होते.

सगुणाबाईंचा आवाज आता खाली आला होता. "किती गावाले दाखवला हा?" त्यांनी विचारलं. मी देशांची नावं सांगितली. "येवढ्या लोकांसमोर मले रडकी केली. अन आता यायच्याहीसमोर." यायच्या म्हणजे सतरंजीवरच्या पाहुण्यांच्या. वनिता मागे भिंतीशी उभी होती, तिने तोंड फिरवलं.

तेव्हा दिनकररावांनी त्या दिवसाचं, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं, सर्वांत चांगलं वाक्य उच्चारलं. "आवाज पूर्ण बंद करता येतो. ह्यांनाच बोलू द्या."

कोणाला क्षणभर कळलं नाही. मग गुरुजींना कळलं, आणि ते मुलासारखे ओरडले, "वन्समोर!" या मुलखात नाटकातलं गाणं आवडलं की नटाला ते पुन्हा म्हणावंच लागतं. वन्समोर नाकारणं म्हणजे प्रेक्षकांचा अपमान. सगळं पटांगण ओरडायला लागलं, "वन्समोर! सगुनाबाई, वन्समोर!"

दुसरा खेळ

रीळ उलटं गुंडाळून होईपर्यंत गुरुजींनी नाटकाची गाणी टिपून घ्यायचा टेपरेकॉर्डर आणला आणि कोरी कॅसेट घातली. सगुणाबाईंनी माझा कागद बाजूला सारला, माइक दोन्ही हातांनी धरला आणि पडद्याकडे तोंड करून बोलायला लागल्या. प्रेक्षकांकडे त्यांनी पाठ केली होती. त्यामुळेच त्यांना बोलता आलं असावं.

"हा आमचा तलाव. याची पाळ आमीच दर साली बांधो. थे खाली पयली बांधी माही. दुसरी जावेची. तिसऱ्या बांधीत चिन्नोर होये, साऱ्या गावाले वास ये." फिल्ममध्ये जी नुसती शेतं होती त्यांना नावं मिळत गेली. वाकलेल्या बायकांनाही. ही जनाबाई, हिला रोवण्यात कोणी गाठत नव्हतं. ही सुमन, आता माहेरी गेली. गाणं आलं तसं सगळ्या बायकांनी ते इथून म्हटलं, तिकडे पडद्यावर त्याच ते मुक्याने म्हणत होत्या. "आता पाहा, आता मी हासतो," सगुणाबाई म्हणाल्या, आणि चेहरा जवळ आला. खरंच की! गालाला खळी पडली होती, खांदे हलत होते. एवढं उघड दिसत होतं ते आम्हा कोणालाच पुण्यात दिसलं नव्हतं.

शेवटच्या भागात गाव रिकामं झालेलं आहे. पीटर तो पुढच्या उन्हाळ्यात येऊन टिपून गेला. छपरं उतरवलेली, भिंती उभ्या. कॅमेरा एका घरासमोर बराच वेळ थांबतो. दाराच्या जागी नुसतं भगदाड आहे. या जागी मी दर वेळी चष्मा पुसायला घेत असे, कारण काही घडतच नव्हतं.

सगुणाबाईंनी पडद्यावरच्या त्या भगदाडाकडे बोट केलं. 

"हे माहं घर," त्या म्हणाल्या. "सकायी चौकट काढली. थे निघाली अन घर आंधळं झालं. इथं मी रडली. तवा हे सिनेमावाले झाडाखाली चहा पिऊन राहिले होते." मग म्हणाल्या, "बरं झालं. थे कोनाले दाखवाचं नव्हतं. पन सांगतो, म्हंजे खोटं राहाले नाही पायजे. रडली मी, इथं रडली. बांधीत नाही."

फिल्म संपली. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. लोक बसून राहिले. मग कापगते उठले, धोतर सावरलं आणि कोणाशी न बोलता सगुणाबाईंच्या घराकडे चालायला लागले. आम्ही सगळे मागून. दारापाशी त्यांनी कंदील वर करून चौकटीवरची वेलबुट्टी पाहिली, सागाच्या लाकडावरून तळवा फिरवला, वीतभर उंबरठा नीट पाहून ओलांडला आणि आत जाऊन बसले.

"आमच्या इकडं बी गारा लय हाय," ते म्हणाले. गारा म्हणजे चिखल. "पोरगी तुमची रोवन्यात हेच गानं म्हनन का?"

"हेच म्हनन जी," सगुणाबाई दारातून म्हणाल्या. "दुसरं येतच नाही तिले."

"मंग मले धोतर सांभाळा लागन," कापगते म्हणाले, आणि मिशीखाली पहिल्यांदा दात दिसले. आत वनिताच्या हातातून काही तरी खणकन पडलं.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना सगुणाबाईंनी माझ्या नव्या लोट्यात चिन्नोरचे तांदूळ भरून दिले आणि वर कॅसेट ठेवली. "हे तिकडं धाडा, म्याडम. जिथं जिथं मले रडवलं, तिथं तिथं लावा. अन गावाचं नाव सांगू नोका. लोक पाहाले येतीन, कापनीचे दिवस हायत." म्हणून बेलटोला.

पुण्याला येऊन मी आठवडाभर दुसरं काही केलं नाही. सगुणाबाईंचं सगळं बोलणं उतरून घेतलं, त्याचं इंग्रजी केलं, आणि पीटरला पत्र लिहिलं. त्यात त्याच्या चुकीइतकीच माझीही लिहिली. त्याचं उत्तर सरळ होतं. गाणं टिपलं त्या सकाळी, गाव बुडणार या विचाराने, तो स्वतःच खूप दुःखी होता आणि तेच त्याला सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत गेलं, असं त्याने कबूल केलं. यापुढे फिल्म सगुणाबाईंच्या आवाजातच दाखवावी, असंही लिहिलं.

प्रिंट रवाना होण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुण्यात पुन्हा खेळ लावला. बहुतेक तीच मंडळी आली. प्रश्न विचारणारी ती मुलगीही होती. दिनकररावांनी आवाज बंद केला आणि मी कॅसेट लावली. झाडीपट्टीची, म्हणजे त्या भागातली, बोली पहिली पाच मिनिटं लोकांना अडली. मग ते पुढे वाकून ऐकायला लागले.

फाल्गुनात गुरुजींचं कार्ड आलं. वनिताचं लग्न वैशाखात ठरलं होतं, सहकुटुंब यावे. खाली वेगळ्या शाईने लिहिलं होतं, 'सगुणाबाई विचारतात की तिकडचे लोक इवायाच्या गाण्याला हसले काय?'

मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. हसले म्हणावं, पोट धरून हसले. आणि रिकाम्या दारासमोर, तुम्ही सांगितलं तिथेच, रडले.